बत्तीसच्या पुढचं गाणं

घानातल्या केटा गावी, सगळे ज्याला एफो म्हणजे दादा म्हणत त्या दोत्सेच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आसेये आली, ती थेट टेबलावर डिस्क ठेवूनच बोलायला लागली. तिची आई आब्ला गावच्या गायन मंडळींसाठी गाणी रचायची. शेवटचं गाणं मंडळींना शिकवायच्या आधीच ती गेली. मात्र एका कॅमेरावाल्याने ते तिच्या अंगणात टिपून घेतलं होतं आणि आता ते एवढ्या या डिस्कवरच होतं. शनिवारी आईचं वर्षश्राद्ध. मंडळी गाण्याची वाट बघत बसलेली, आणि चर्चच्या कॉम्प्युटरवर डिस्क लावली तर तो म्हणतो, सगळं पुसून नव्याने सुरू करू का?

"पुसलं नाहीस ना?" सेफाकोरने विचारलं. ती दोत्सेच्या हाताखाली सहा वर्षं काम शिकलेली.

"वेड लागलंय का मला?"

डिस्क जुन्या पद्धतीची, रुंद पट्टीच्या वायरची, त्यामुळे दुकानात ती एका म्हाताऱ्या मशीनलाच लागणार. दोत्सेने लावून बघितली आणि डिस्क गेली म्हणून सांगून टाकलं. पंधरा दिवसांपूर्वी आसेयेने ती आणली तेव्हा त्यानेच तपासून ती ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं, पण त्याची आठवण त्याला कोण करून देणार!

सेफाकोरला मात्र चैन पडेना. डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर एकशे साठ गिगाबाइट लिहिलेलं आणि मशीन दाखवतंय बत्तीस. ना एकतीस, ना चाळीस. मरायला टेकलेली डिस्क अशी मोजूनमापून मरते होय? तिने डिस्क उलटी केली. मागच्या बारीक पिनांवर तांदळाएवढी एक पांढरी टोपी बसवलेली होती.

ती टोपी तिने लगेच ओळखली. युरोपातून कंटेनर भरून येणारी जुनी मशीनं मोठी डिस्क दिसली की सुरूच होत नसत, म्हणून दोत्से हातात येईल त्या डिस्कला ही टोपी घालायचा. टोपी घातली की डिस्क आपण बत्तीसचीच असल्याचं सांगते आणि त्यापुढचं काही मशीनला दिसत नाही. दुकानातून कुठलीही डिस्क टोपीशिवाय बाहेर जायची नाही, आणि हे त्यानेच तिला मोठ्या अभिमानाने शिकवलेलं. आता गिऱ्हाइकासमोर त्याला चुकलात म्हणायचं कसं, म्हणून तिने नुसतंच विचारलं.

"एफो, ही टोपी आपलीच ना?"

दोत्सेने चष्मा वर केला. "माझीच. ती काढलीस तर मशीन हलणार नाही."

तिने काढली. मशीन खरंच हललं नाही. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि पुढे सगळं ठप्प. दोत्सेचा चेहरा खुलला. आसेयेचा उतरला.

सेफाकोर विचार करत बसली. सुरू होताना मशीन प्रत्येक डिस्कला माप विचारतं आणि एवढं मोठं उत्तर ऐकून गडबडतं. मग विचारलंच नाही तर? तिने मशीनच्या मूळ यादीत या डिस्कच्या जागी 'काही नाही' असं लिहिलं आणि ते दुकानाच्या स्वतःच्या डिस्कवरून सुरू केलं. मशीन सुरळीत उठलं. आतल्या प्रणालीने यादीकडे न बघता स्वतःच सगळ्या वायरी चाचपल्या आणि डिस्क हजर केली, अख्खी.

दोत्सेने आकडा दोनदा वाचला. "इतकी वर्षं मी टोप्या घालत बसलो," तो म्हणाला. "माफ कर गं पोरी." हे तो आसेयेला म्हणाला, पण बघत होता सेफाकोरकडे.

सेफाकोरने चित्रण लावलं. आब्ला अंगणात स्टुलावर बसलेली दिसली. आवाज थकलेला, पण सूर पक्का. आसेये तोंडावर हात धरून ऐकत होती आणि तिचे डोळे वाहत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर म्हातारी थांबली, जरा आठवून बघितलं आणि हसली.

"पुढचं अजून जमलं नाही," ती कॅमेरावाल्याला म्हणाली. "राहू दे. आसेये करील पुरं."