वर्गातून बाहेर कसं जायचं

तिडकेबाईंनी ‘वर्गातून बाहेर कसं जायचं’ हा व्हिडिओ केला, आणि त्या दिवसापासून त्यांना वर्गातून बाहेर जाता येईना.

आता कुणी म्हणेल, असला व्हिडिओ करतं का कुणी? अहो, सातवीच्या पोरांना नमुना दाखवायचा होता. वरून पत्र आलं होतं, की पोरांनी एकमेकांना काहीतरी शिकवणारे व्हिडिओ करायचे आणि केल्यावर त्यावर विचार करायचा. बाईंचं मत असं, की अवघड विषय दिला तर पोरं विषयातच अडकून बसतात. सोप्यातलं सोपं घ्यावं, म्हणजे कामाच्या पायऱ्या कशा पाडायच्या ते कळतं. म्हणून त्यांनी दाराकडं बोट दाखवलं. शिवकन्यानं मोबाइल धरला. बाई बोलत गेल्या आणि करत गेल्या: उठायचं, खुर्ची मागं सारायची, दाराशी जायचं, उंबरा बघायचा, उजवा पाय उचलून पलीकडं टेकायचा, मग डावा. बाहेर जाऊन त्या आत आल्या आणि म्हणाल्या, “दाखव गं वर्गाला, बघू दे कसा झालाय.”

व्हिडिओ फार चांगला झाला होता. तिथंच घात झाला.

मधल्या सुट्टीत पोरं बाहेर पळाली. बाई दारापर्यंत गेल्या आणि उभ्या राहिल्या. उंबरा दिसत होता, पलीकडचा ओटा दिसत होता, ओट्यावर चपला होत्या. पाय दुखत नव्हते, भीती वाटत नव्हती. एखाद्याला पोहता येत नाही, तसं त्यांना बाहेर जाता येत नव्हतं, एवढंच. सुट्टी संपून पोरं आत आली, तरी बाई तिथंच होत्या. मग त्यांनी भूगोल घेतला.

गर्जे सर मुख्याध्यापक. त्यांनी आधी समजावून बघितलं. “बाई, पाय उचला.” बाईंनी उचलला. “आता बाहेर टाका.” बाईंनी सरांच्या तोंडाकडं बघितलं. शब्द कळत होते, पण कान हलवा म्हटल्यावर माणूस जसा बघतो तशा त्या बघत राहिल्या. संध्याकाळी सरांनी आणि बाईंच्या यजमानांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर नेलं. ओट्यावर खुर्ची टेकली, तर ती रिकामी होती. बाई आत फळ्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात खडू होता.

“राहू द्या सर,” बाई म्हणाल्या. “उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी सुदर्शनची आजी चरवी घेऊन शाळेत आली. सुदर्शननं म्हशीची धार काढायचा व्हिडिओ केला होता, पायऱ्या नीट पाडून, बाईंनी शिकवल्यासारख्या.

“बाई, हा सकाळी म्हशीखाली बसला अन् नुसता बघत राहिला,” आजी म्हणाली. “म्हशीनं दोनदा मागं वळून बघितलं. तिलाच लाज वाटली असंल.”

बाईंनी दोन्ही गोष्टी जोडून पाहिल्या. जे शिकवावं ते शिकवणाऱ्याकडून जात होतं. जेवढं सांगितलं तेवढंच जाई, आणि तेही त्या कामापुरतंच. मधली पायरी राहिली तर ती आपल्याकडं राही. आणि गेलेलं जो पहिल्यांदा व्हिडिओ बघेल त्याला मिळे, पुढच्यांना नुसती करमणूक. बाईंचा व्हिडिओ पहिल्यांदा वर्गानं बघितला होता, आणि वर्गाला तर बाहेर जायचं आधीच येत होतं. म्हणजे बाईंचं बाहेर जाणं अगदीच फुकट गेलं होतं.

पोरं कसली बेरकी! त्यांना हे कळायला एक दिवस पुरला. मग घरोघर व्हिडिओ निघाले. झाडलोट कशी करावी, शेण कसं भरावं, भांडी कशी घासावी. पोरींनी तर भाकरीचे इतके सुबक व्हिडिओ केले, की गावातल्या आयांनी शाळेच्या फाटकाशी येऊन बाईंच्या नावानं बोटं मोडली. बाई खिडकीच्या गजांतून सगळं ऐकून घेत. त्यांनी व्हिडिओ बंद केले नाहीत, कारण पत्र वरून आलेलं होतं. एक नियम मात्र घातला: वर्गातून बाहेर जायचा व्हिडिओ कुणी करायचा नाही. करेल त्याला त्यांची शपथ.

नियमाचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. बाईंना बाहेर काढायचं तर कुणीतरी ते त्यांना व्हिडिओतून शिकवायला हवं होतं, आणि जो शिकवेल तो आत राहणार होता. त्याला काढायला आणखी कुणी, मग ते कुणी आत. दार उघडंच होतं, पण एक जण कायम आत उरणार होता. तो एक जण आपल्या वर्गातलं लेकरू असावं, हे बाईंना सोसणारं नव्हतं.

मोठ्या माणसांचं विचाराल, तर गर्जे सरांनी छातीवर हात ठेवून आपल्या रक्तदाबाचं सांगितलं. यजमान भागवतराव मात्र तयार झाले. बिचाऱ्यांनी ओट्यावरून मोबाइल धरून व्हिडिओ केलाही. “हे बघ मंदा, नुसतं उठायचं. त्यात काय शिकवायचंय?” बस्स, एवढाच. त्यात ना दार, ना उंबरा; शिकवलं ते नुसतं उठणं. बाईंनी तो बघितला आणि त्या उठून उभ्या राहिल्या, जे त्यांना येतच होतं. भागवतरावांना मात्र त्या दिवसापासून बसलं की उठता येईना. पुतण्या हात देई तेव्हा उठत.

“मंदा, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं हे,” ते खिडकीशी येऊन म्हणाले. “मला पायऱ्या पाडता येत न्हाईत.”

ते खरंच होतं. पायऱ्या पाडणं साऱ्या गावात फक्त बाईंच्या पोरांना येत होतं.

भागवतराव रोज ओवीला घेऊन येत. ओवी अडीच वर्षांची. आईच्या केसांत बोटं घातल्याशिवाय तिला झोप येत नसे. पहिले काही दिवस ती वर्गातून निघायला तयार नसायची, आक्रोश करायची, तिला ओढून न्यावं लागे. मग ती रडायची थांबली. मग दारातूनच हात हलवू लागली. आणि एका सकाळी भागवतरावांच्या कडेवरून, वर्गातल्या पोरांसारखीच, ती म्हणाली, “बाई, येते.”

बाईंनी हसून हात हलवला. मग फळ्याकडं तोंड केलं आणि फळा पुसत राहिल्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशीचा डबा तसाच परत गेला.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागल्या. ह्या गावात दरसालचंच ते. मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीत पाट्या, पातेली, शेळ्या, कोंबड्या आणि माणसं चढतात आणि शाळा अर्धी होते. ह्या साली पोर गेलं की वर्गाची मागची भिंत त्याच्या बाकापुरती पुढं यायची. सुदर्शन गेला, भिंत सरकली. शेख अमीना गेली, भिंत सरकली. भिंतीवरचा भारताचा नकाशा बाईंच्या खुर्चीला टेकला. फळा आणि दार यांच्यात हातभर अंतर उरलं. दारात उभं राहून हात लांब केला, तर बोटं बाहेरच्या उन्हात जात. ऊन बोटांना लागे, आणि तरी बाई आत असत. खरं सांगायचं तर त्या दिवसांत बाईंना श्वास पुरेनासा झाला होता. ओरडावं, भिंतीला लाथा माराव्यात, असं वाटे. त्या तिसरीच्या पोरांच्या वह्या मागवून तपासत बसत.

शेवटी एकच बाक राहिला. त्यावर शिवकन्या बसायची.

शिवकन्या म्हणजे हुशार, हट्टी आणि जिभेला तिखट. तिच्या आईबापाचा ह्या साली कोल्हापूरकडच्या कारखान्यावर जायचा बेत होता. शिवकन्यानं फडाजवळच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत राहायचं, भाकरी थापायच्या आणि धाकट्याला सांभाळायचं, असं ठरलं होतं.

“भाकरीचा व्हिडिओ करून टाकला होता बाई मी,” ती म्हणाली. “आता येत न्हाई म्हणून सांगितलं. तर आई म्हणती, शिकशील परत.”

“आजीजवळ राहा म्हणावं. मी बोलते तुझ्या वडलांशी.”

“बोलला की तुम्ही. खिडकीतून. ते हसले.”

ते खरं होतं. तो भला माणूस होता, वाईट वाटून हसला होता.

“बाई,” शिवकन्या म्हणाली, “मला तर बाहेर जायचंच न्हाई. अन् तुम्हाला आत राहायचं न्हाई. मग अडलंय कुठं?”

“गप्प बस. शपथ घातलीय मी.”

“मला बाहेर जाताच आलं न्हाई, तर ट्रॅक्टरात कशी नेतील?”

बाई कडाडल्या. आजवर कुणा लेकराला बोलल्या नव्हत्या तसं बोलल्या. शाळा म्हणजे तुला काय कोंडवाडा वाटला, असं म्हणाल्या. शिवकन्यानं मान खाली घालून ऐकलं. हिशेब तिचा चुकीचा नव्हता, आणि ते बाईंनाही कळत होतं. म्हणूनच त्या इतक्या चिडल्या होत्या.

दोन दिवसांनी सकाळीच ट्रॅक्टर शाळेच्या मैदानात आला. ट्रॉलीवर शिवकन्याची आई धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. बाप खाली उभा राहून दोर आवळत होता. त्याच वेळी भागवतरावही ओवीला घेऊन आले आणि ओट्यावर उभे राहिले. बसले असते तर उठवायला कुणी नव्हतं.

शिवकन्या आत आली आणि तिनं बाईंच्या समोर मोबाइल धरला.

“माझा व्हिडिओ झाला बाई. बघा.”

“पुसून टाक तो.”

“आधी बघा तर. तुम्हीच म्हणता ना, न बघता बोलायचं न्हाई.”

बाईंनी डोळे मिटायला हवे होते. त्यांनी मिटले नाहीत. ओट्यावर ओवी बापाचं बोट धरून चपला मोजत होती, आणि बाईंना बाहेर जायचं होतं. जीव तुटेस्तोवर जायचं होतं. शपथ, नियम, लेकरू, सगळं त्यांना आठवत होतं, आणि त्या बघत होत्या.

व्हिडिओत शिवकन्या म्हणत होती, उठायचं. बाई उठल्या. दाराशी जायचं. दार हातभरावरच होतं. उंबरा बघायचा. आता उजवा पाय उचलायचा, पलीकडं टेकायचा. बाईंचा उजवा पाय उचलला गेला, उंबरा ओलांडून गेला आणि ओट्याच्या फरशीवर टेकला. फरशी गार होती. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

आणि व्हिडिओ संपला.

बाई उंबऱ्यावर तशाच राहिल्या, एक पाय बाहेर आणि एक आत. ओवी धावत आली आणि बाहेरच्या पायाला तिनं मिठी मारली. आत शिवकन्यानं आपलेही पाय उंबऱ्याशी आणून बघितले. उजवा अडला. डावा मात्र बाईंच्या बाजूनं सुरळीत पलीकडं गेला.

“हे काय!” तिचा चेहरा उतरला. “मला लंगडी घालत बाहेर जाता येऊ लागलंय. असं असलं तर पप्पा नेतीलच की. बाई, काय राहिलं ह्यात?”

मास्तरकी वाईट असते बघा. भूक मरते, झोप मरते, पण पोरानं विचारलं काय राहिलं, की जीभ गप्प बसत नाही. बाई ओवीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मागं वळून न बघता त्या म्हणाल्या,

“अगं, डावा पाय राहिला.”

“हां!” शिवकन्या म्हणाली.

बाईंनी ‘नको’ म्हटलं, पण ते नंतर. तोवर शिवकन्यानं मोबाइल आपल्या पायाकडं धरून स्वच्छ आवाजात सांगितलं होतं, “मग डावा पाय उचलायचा आणि उजव्याशेजारी नेऊन ठेवायचा. झालं.” आणि तिनं ते बाईंच्या खांद्यावरून पुढं करून त्यांना दाखवलं.

बाईंचा डावा पाय उचलला गेला. बाई बाहेर होत्या. ओवी “आई” म्हणाली की “बाई”, ते ट्रॅक्टरच्या हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. भागवतराव भिंतीला धरून रडू लागले. शिवकन्याच्या बापानं दोराची गाठ मारली, हात झटकले आणि तो मैदानातून शाळेकडं यायला लागला.

“चल गं शिवकन्ये, उशीर होऊ लागला.”

शिवकन्या उंबऱ्याशी आली. तिनं उंबरा बघितला, ओटा बघितला. उजवा पाय पुढं केला, डावा केला, आणि ती मनापासून हसली.

“येत न्हाई,” ती म्हणाली.

मागची भिंत बाईंच्या खुर्चीपुरती पुढं आली होती. शिवकन्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा तिचे गुडघे फळ्याला लागले. तिनं दप्तरातून पुस्तक काढलं आणि मांडीवर उघडलं. बाप ओट्याच्या पायऱ्या चढत होता.

“बाई,” पुस्तकातून वर न बघता शिवकन्या म्हणाली, “दार तेवढं ओढून घ्या.”

ओवीनं पदर धरून ओढायला सुरुवात केली होती. बाईंनी कडी धरली.