निळ्या पडलेल्या ओव्या

मित्रांनो, माझ्या अंगावरची अर्धी अक्षरं पुसून गेली आहेत. 'क'ची नुसती दांडी उरली आहे, 'म' तर दिसतच नाही. तरी ज्याची बोटं मला ओळखतात, त्याला अक्षर शोधावं लागत नाही. मी एक जुना कीबोर्ड आहे. आखाडा बाळापूरला, बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर योगेशदादाचं टायपिंगचं दुकान आहे. तिथल्या टेबलावर माझा सगळा जन्म गेला. आणि खरं सांगू? या जन्मात मी एक गोष्ट फार लवकर शिकलो. माणसाच्या बोटांवर चटकन विश्वास ठेवायचा नाही.

मला कुठं घडवलं ते आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला अंधार आणि शेजारी शेपटी गुंडाळून झोपलेला माझा भाऊ, माउस. योगेशदादानं खोकं उघडलं, मला कानाशी धरून हलवलं आणि डोळे बारीक करून म्हणाला, "आतून वाजून तर न्हाई राहिला?" माझ्या आयुष्याची पहिली ओळ ही अशी होती. मी काही केलेलं नसताना माझ्यावर शंका.

मग काम सुरू झालं. शाळेचे दाखले, नुकसानीचे अर्ज, लग्नाचे बायोडाटे, सगळं माझ्या अंगावरून गेलं. सुगीच्या दिवसांत सोयाबीनची धूळ यायची. हळद शिजवायच्या दिवसांत गिऱ्हाइकाच्या बोटांना पिवळा वास असायचा. कुणी चहाचा कप घेऊन टेबलाजवळ आलं की मी अंग चोरायचो. हा सांडणार, असं मला आधीच वाटायचं, आणि बहुतेक वेळा तो सांडायचाच.

एके वर्षी निलम आली. जवळच्या बंजारा तांड्यावरची पोरगी, बारावी झालेली. टायपिंगची परीक्षा द्यायची होती आणि सरावाला तिच्याकडं माझ्याशिवाय दुसरा कीबोर्ड नव्हता. म्हणून दुकानातलं काम करायची आणि काम संपलं की सराव. मी तिच्याकडंही आधी वाकड्या नजरेनंच बघितलं. पण तिची बोटं हलकी होती. ज्वारीच्या कणसावर चिमणी बसावी आणि ताट हलूसुद्धा नये, तशी. ती माझ्याकडं न बघता टाइप करायची. माझी पुसलेली अक्षरं तिला दिसलीच नाहीत, आणि त्याचं मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

त्या वर्षी दसऱ्याला योगेशदादानं दुकानाची पूजा केली. यंत्राची, हत्याराची पूजा आपल्याकडं सगळेच करतात. संगणकाला झेंडूचा हार, माउसला गंध, मला हळदीकुंकू. वर मूठभर अक्षता. "साल बराबर जाऊ दे रे बाबा," म्हणून त्यानं हात जोडले. मला एवढा मान कधी मिळाला नव्हता. फक्त डाव्या बरगडीत काहीतरी टोचल्यासारखं झालं. मानाचं ओझं असेल म्हणून मी सोडून दिलं.

दिवाळी झाली आणि एका बाजाराच्या दिवशी भागूबाई दुकानात आल्या. सत्तरीच्या पुढच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मागं त्यांची सून पद्माबाई, हातात पिशवी. भागूबाईंना लिहिता येत नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या त्यांच्या पोटात पोतंभर होत्या. गावातल्या बायकांनी ठरवलं होतं, त्यांचं पुस्तक करायचं आणि संक्रांतीला वाण म्हणून घरोघर वाटायचं.

"म्हणा आजी," निलम म्हणाली.

ओठ हलले, पण ओवी येईना. "काय करू पोरी, हातात खुंटा न्हाई. जातं फिरल्याबिगर ओवी कशी येईल?"

निलमनं इकडं तिकडं बघितलं. मग माझ्या भावाची शेपटी संगणकातून काढली आणि त्याला भागूबाईंच्या मुठीत दिलं. "हा घ्या खुंटा. फिरवा टेबलावर."

भागूबाईंनी माउस धरला, गोल फिरवला. एक फेरा, दुसरा फेरा, आणि गळ्यातून जात्याची घरघर आल्यासारखी ओवी आली.

सासरच्या दारी
उंबरा उंच बाई,
वलांडून आले
मागं वाट न्हाई.

तेव्हापासून दर बाजाराला असंच चालायचं. भाऊ तिकडं दळण दळायचा आणि निलमचं सगळं काम एकट्या माझ्यावर. माउसशिवाय मजकूर कसा निवडायचा, तेही तुम्हाला सांगतो. शिफ्ट धरून बाण दाबला की एकेक अक्षर निळं होतं. सोबत कंट्रोल धरलं की आख्खा शब्द. शिफ्ट आणि एंड दाबलं तर ओळीच्या टोकापर्यंत. नुसतं कंट्रोल आणि एंड दाबलं तर काही निवडलं जात नाही, आपण फक्त मजकुराच्या शेवटाला जातो. पण त्या दोघांत शिफ्ट मिसळली, की आहोत तिथपासून शेवटापर्यंत सगळं निळं पडतं. आणि निळं पडलेल्या मजकुरावर एक अक्षर जरी उमटलं, तरी ते सगळं जातं. डिलीटला हातसुद्धा लावावा लागत नाही.

निलमला हे सगळं येत होतं. तिनं तीन भाग केले होते. देवाच्या ओव्या वर, भावाच्या मधे, सासरच्या शेवटी. भागूबाईंचं मन मात्र भागांत राहायचं नाही. सासरचं दळता दळता मधेच माहेरचा भाऊ आठवायचा. मग निलम वर जाऊन भावाची ओवी घालायची आणि कंट्रोल, एंड दाबून परत खाली यायची. डोळे सारे भागूबाईंच्या ओठांवर.

एक दिवस भागूबाई चहाला म्हणून बाहेर बसल्या होत्या. पद्माबाई निलमच्या कानाशी आली. "पोरी, ते सासरचं येवढं काहून लिहून राहिली? आमच्या लेकीची, आरोहीची सोयरीक जुळून राहिली. पाव्हण्यांच्या घरात हे पुस्तक गेलं तर म्हणतील, या घरात सुनंचा छळ हाय."

"ते जुनं हाय ना वैनी. आजीच्या सासूचं."

"लोकाला जुनं-नवं कळतं व्हय?" म्हणत पद्माबाईनं पिशवीतून सीताफळं काढली आणि निलमच्या पुढ्यात ठेवली. "घरी ने लेकरांना."

योगेशदादा दारातून हे बघत होता. त्यानं ऐकलं नाही, फक्त बघितलं.

त्याच दिवशी पुन्हा बसून दहापंधरा ओव्या झाल्या. निलमनं फाइल सेव्ह केली, बंद केली. पुढच्या बाजाराला उघडली, तर सासरचा भाग नव्हता. उंबऱ्याची ओवी नव्हती, चुलीची नव्हती, कोठीच्या किल्लीची नव्हती. भावाच्या एका ओवीनंतर एकदम त्या दिवशीच्या शेवटच्या ओव्या, मधे काहीच नाही.

निलमनं पान वरखाली करून बघितलं. "दादा, गेलं सगळं."

"कंट्रोल झेड मार."

"फाइल बंद करून उघडली ना दादा. आता मागं कसं जाईल?"

मित्रांनो, त्या घटकेपासून दुकानातली हवाच बदलली. भागूबाईंनी सुनेकडं बघितलं. "पद्मे, तुझ्या मनासारखं झालं म्हणायचं."

"माझा काय संबंध आत्याबाई? मला यातलं बटण तरी कळतं का?"

"तुला बटण कळत न्हाई, पण बटण दाबणारी कळती." मग भागूबाई निलमकडं वळल्या. "सीताफळं गोड लागली का गं?"

निलमच्या डोळ्यांत पाणी आलं. योगेशदादा जास्त बोलला नाही, पण बोलला ते वाईट. "तुला त्या ओव्यांचं काय म्हणा. तुमची बोली येगळी."

माझंही ऐका. मीही संशयानं पोखरून गेलो होतो. माझ्यावरचं प्रत्येक बटण मी मनातल्या मनात तपासलं. डिलीट दाबलं गेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगितलं असतं. मग पुसलं कोणी? मला वाटलं, निलमनं माझ्या नकळत काही केलं असेल. मग वाटलं, भाऊ दिवसभर म्हातारीच्या मुठीत असतो, त्याला फितवलं असेल. हलक्या बोटांवरही माझा भरवसा उरला नाही. अशा वेळी माणूस काय आणि यंत्र काय, ज्याच्याकडं बघावं तो चोर दिसतो.

शेवटी योगेशदादा म्हणाला, "आजी, अजून एकदा म्हणा. मी हिच्या मागं उभा राहतो. आज जर एक ओळ बी गेली, तर निलम, उद्यापासून येऊ नको."

निलमनं पदराचं टोक बोटाला गुंडाळावं तसं ओढणीचं टोक गुंडाळलं, सोडलं. हे टेबल गेलं की परीक्षाही गेली, तिला ठाऊक होतं. भागूबाई माउस धरायला तयार नव्हत्या. "एकदा दिलं ते दिलं. रडून दिलेलं परत कसं रडू?" पद्माबाईनंच त्यांचा हात माउसवर ठेवला. "म्हणा आत्याबाई. न्हाई तर माझ्या माथ्यावरचं बालंट कधी उतरायचं?"

फेरा सुरू झाला. उंबरा आला, चूल आली. योगेशदादाचा श्वास तिच्या खांद्यावर आणि डोळे पडद्यावर. मधेच भागूबाईंना पुन्हा भाऊ आठवला. निलम वर गेली.

भाऊ माझा येतो
रानातून वेळोवेळ,
त्याच्या पटक्याला
सांजचं आभाळ.

शेवटचा 'ळ' शिफ्ट धरून उमटतो. निलमची करंगळी शिफ्टवरून उतरली, खाली कंट्रोलवर आली, उजवा हात एंडवर. नजर भागूबाईंच्या ओठांवर. आणि पडदा पाण्यासारखा निळा झाला.

"थांब!" योगेशदादा ओरडला. "हात वर घे! काही दाबू नको!"

निलमनं हात असे वर नेले, जणू माझ्यातून विंचू निघाला होता. सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्यावर एकही बोट नव्हतं, तरी डाव्या बाजूची शिफ्ट खाली बसलेली होती. बसलेली... बसलेली... मग म्हातारं माणूस गुडघ्यावर हात देऊन उठतं, तशी सावकाश वर आली.

"अगं बाई," पद्माबाई म्हणाली, "हे आपोआप!"

योगेशदादानं मला उचललं, पालथं केलं, हळूच ठोकलं. माझ्या डाव्या बरगडीतलं टोचणं सुटलं आणि टेबलावर एक दाणा पडला. तांदळाचा. पिवळा, एका टोकाला कुंकू लागलेला.

मागच्या खेपेलाही असंच निळं पडलं होतं आणि निलमच्या पुढच्याच अक्षरानं सगळं नेलं होतं. दसऱ्याची मूठ कुणाची होती, ते दुकानात सगळ्यांना माहीत होतं. योगेशदादानं दाणा तळहातावर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिला. भागूबाई पुढं वाकल्या, दाणा बघितला आणि त्यांना हसू फुटलं. "अरे लेकरा, पूजा करावी, पण देवाला असं कोंबून जेवू घालावं व्हय?"

"निलम," योगेशदादा म्हणाला, "उद्या ये. परवा बी ये. तुमची बोली म्हणालो ते..." त्यानं दाण्यावर मूठ मिटली. "ते चुकलं."

निलमनं बाणाचं बटण दाबलं. पडद्यावरचं निळं उतरलं. ओव्या जागच्या जागी होत्या.

गेलेल्यांपैकी बऱ्याच ओव्या भागूबाईंनी पुन्हा म्हटल्या, पण कोठीच्या किल्लीपाशी अडल्या. फेऱ्यावर फेरा दिला, तरी पहिली ओळ येईना. तेव्हा मागून पद्माबाईनं ती हळूच म्हटली. चारही ओळी, एक शब्द न चुकता. "रोज पहाटं ऐकलीय आत्याबाई. भिंतीपल्याडून." भागूबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी माउस सुनेच्या मुठीत दिला. "आता तुझी म्हण."

पद्माबाई लाजली, नको म्हणाली, मग एक फेरा दिला.

सासूबाई माझी
बोलती जसा लिंब,
तिच्याच सावलीत
वाढला माझा कोंब.

"कडू लिंब म्हण, पण पुस्तकात घाल," भागूबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. "आन पाव्हण्यांच्या घरी पहिलं पुस्तक जाऊ दे."

संक्रांतीला ते पुस्तक वाण म्हणून वाटलं गेलं. निलम परीक्षा पास झाली, आता हिंगोलीला असते. माझ्या जागी नवा, चकचकीत कीबोर्ड आला आहे आणि मी फळीवर, धुळीत पडून आहे. शिफ्ट आता बरी उठते. दसऱ्याला योगेशदादा अजून अक्षता घेतो, पण आधी आम्हा सगळ्यांवर रुमाल पसरतो.

मित्रांनो, माझ्या धाकट्या भावंडांना जपा. त्यांच्याजवळ खाऊ नका, चहा ठेवू नका, अधूनमधून पालथं करून झटका. आणि एक विनवणी आहे. मनात कुणाविषयी शंका आली, की ते माणूस आपल्या नजरेत निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पुसलं गेलं असं नाही. त्या घटकेला पुढचं अक्षर दाबू नका. योगेशदादा म्हणाला तसं स्वतःलाच म्हणा, हात वर घे. जरा बघा, कुठलं बटण खाली बसलं आहे ते. मग बाण दाबा, निळं उतरू द्या. आमच्या निलमचं उतरलं, तसं.