सलगरांचं सुतक

गोजाबाईचा दहावा अजून व्हायचा होता आणि सात रस्ता चौकातल्या हॉलबाहेरच्या फ्लेक्सवर तिचा फोटो लागला होता. वर मोठ्या अक्षरात 'सलगर कुलभूषण'. त्याखाली पैलवान सलगर, हृदयाचे डॉक्टर सलगर, हायकोर्टातले वकील सलगर, मालिकेत काम करणारी एक सलगर पोरगी. अगदी खालच्या कोपऱ्यात गोजाबाई सलगर, घोंगडीसाठी दिल्लीत बक्षीस.

तिच्या नवऱ्याचं, भिमाचं, ते बघून डोकं फिरलं. ती गेली तेव्हा त्यानं सलगर मंडळाच्या अध्यक्षाला, दिग्विजयला, फोन केला होता. एकही सलगर आला नाही. खांदा दिला तो शेजारच्या आण्णारावनं आणि त्याच्या तेलुगू विणकर भावांनी.

सुतकातला माणूस समारंभाला जात नाही. भिमा मुद्दाम गेला.

आत दिग्विजय माइकवर होता. "सलगर म्हणजे एक रक्त, एक भावकी. पैलवान असो नाहीतर डॉक्टर, सगळे एकाच घरचे."

टाळ्या पडल्या. मागून जिलेबीचा वास येत होता. भिमा सरळ स्टेजवर चढला. त्याला बघून दिग्विजयनं हार उचलला. "या, भिमाकाका. काकूंचा सत्कार तुम्हीच घ्या."

"हार ठेव खाली. गोजा आपल्या भावकीतली हाय का?"

"म्हणजे काय, काका. कुळाचं भूषण."

"मग तुला सुतक कसं न्हाय? ह्या डॉक्टरला, पैलवानाला? भावकीनं सुतकात फेटे बांधून जिलेबी खायची व्हय?" भिमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दिग्विजय झटकन मागं सरला. "काका, शिवू नका. संध्याकाळी घरी सत्यनारायण आहे."

"मंजी सुतक माझ्या एकट्याचं आन् बक्षीस समद्यांचं."

पहिल्या रांगेतला एक म्हातारा वैतागला. "आडनाव एक म्हणून भावकी होती का रं? आमचं गाव येगळं, तुमचं येगळं."

"हेच माइकवर सांगा की."

भिमा बाहेर आला, पिशवीतून मेंढरांची लोकर कातरायची कातर काढली आणि फ्लेक्सचा कोपरा कापायला लागला. दिग्विजय धावत आला. "काका, फ्लेक्स मंडळाचा आहे."

"ऱ्हाऊ दे की मंडळाला. मी माझी बायको नेतोय."

घरी आला तेव्हा आण्णाराव ओट्यावर बसला होता. भिमासारखीच त्याचीही दाढी वाढली होती.

"दाढी का न्हाय केलीस?"

"खांदा दिलाय की," आण्णाराव म्हणाला.