मिशाळ माशांची पिल्लं

दूध गॅसवर ठेवून सुकन्या बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा माशांच्या टाकीच्या काचेला पांढुरके ठिपके चिकटलेले दिसले. तिला वाटलं, पाण्याचा क्षार धरलाय. जवळ जाऊन पाहिलं तर ती अंडी होती. मोहरीहून किंचित मोठी, दोन-दोन तीन-तीनच्या पुंजक्यांनी सगळ्या काचेभर लावलेली. आदल्या दिवशी तिनं टाकीतलं निम्मं पाणी काढून गार पाणी भरलं होतं, त्यानंच ही किमया झाली असावी. तळाला मात्र चारही मासे, 'कोरी' नावाच्या मिशाळ जातीचे, काही घडलंच नसल्यासारखे आपल्या आखूड मिशांनी वाळू चाचपत फिरत होते.

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. वालचंदनगरच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत तेव्हा सुकन्या आणि तिचे सासरे बिरदेव, अशी दोघंच होती. नवरा दीपक कारखान्यात फिटर होता आणि मशिनरी बसवायच्या कामावर दीड महिन्यासाठी कर्नाटकात गेला होता. बिरदेवांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दोन वर्षांपूर्वी बायको फुलाबाई गेली, मग गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा मेंढरांची खांड पळसदेवच्या भावाच्या हवाली करून ते लेकाकडं राहायला आले. पण भिंतींच्या आत त्यांचा जीव रमत नव्हता. सून ताट वाढून आत जायची, ते जेवायचे आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचे. वर्षभरात दोघांमध्ये शंभर शब्दही झाले नसतील.

टाकी दीपकनं पुण्याहून आणली होती, सुकन्यासाठी. बारामतीच्या कॉलेजात ती सायन्सच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकली होती, आणि प्राण्यांचं तिला फार वेड. दुकानदारानं एका कागदावर चार सूचना लिहून दिल्या होत्या. त्यातली शेवटची अशी होती: अंडी दिसली तर लगेच वेगळी काढा, मोठे मासे खातात.

ती दाढीच्या पात्यानं एकेक अंडं हलकेच सोडवत होती, तेव्हा दारातून आवाज आला.

"काय करतीयास?"

"अंडी काढतेय, मामंजी. माशांनी घातलीत. वेगळी ठेवायची, नाहीतर खाऊन टाकतात."

"कोन खातंय?"

"त्यांचे आईबापच."

बिरदेव टाकीकडं बघत राहिले. "आई कशी खाईल?" एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

सुकन्यानं अंडी एका पसरट प्लास्टिकच्या टबात ठेवली, बुरशी धरू नये म्हणून निळ्या औषधाचे दोन थेंब टाकले आणि हवेच्या पंपाची नळी सोडली. चौथ्या दिवशी अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. डोळ्यांत भरतील असे दोन काळे ठिपके, पोटाला पिवळी पिशवी आणि मागं केसासारखी शेपटी. बावन्न भरली. तळाला चिकटून पडायची आणि धक्का लागला की थरथरून बोटभर पुढं जायची.

बिरदेव चष्मा लावून टबापाशी उकिडवे बसले.

"खात्यात काय?"

"अजून काही नाही. पोटाच्या पिशवीत दोन दिवसांचं असतं."

"बरी शिदोरी दिलीया," ते म्हणाले. त्या दिवशी ते लिंबाखाली गेलेच नाहीत. दर तासाला येऊन बघायचे. पिल्लं एकमेकांना चिकटून एका कोपऱ्यात जमली होती. त्यांना ते काही बरं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुकन्याला आईला डॉक्टरकडं न्यायला बारामतीला जावं लागलं. चारच्या एसटीनं ती परत आली, चप्पल काढता काढता टबाकडं पाहिलं आणि तिथंच थांबली. टबात चारही मोठे मासे होते. पोटं तट्ट झालेली. शेजारी चहाची गाळणी ओली पडली होती.

तिनं हातानंच मासे उचलून टाकीत टाकले. मग गुडघ्यांवर बसून पिल्लं मोजली. सतरा.

"म्याच सोडली," मागून बिरदेव म्हणाले. "लेकरं गारठल्यागत एका जागी पडली व्हती. कोकरू आईच्या अंगाखाली गेल्याबिगर उभं ऱ्हात न्हाय. मला वाटलं, ह्यांस्नी बी आईच पायजे."

"मी सांगितलं होतं तुम्हाला!" सुकन्याचा आवाज चढला. "त्या दिवशीच सांगितलं होतं. विचारायचं तरी मला. बारामतीला फोन करता आला असता, शेजारी सांगता आलं असतं. जनावरातलं सगळं तुम्हालाच कळतं का?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच दचकायला झालं. सासऱ्यांशी ती इतकं आणि असं कधीच बोलली नव्हती. बिरदेवांनी मान खाली घातली. गाळणी उचलली, नळाखाली धुतली, जागेवर ठेवली आणि ते बाहेर गेले. त्या रात्री त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली.

पुढचे दिवस ते टबाकडं फिरकले नाहीत. येता-जाता नजरसुद्धा दुसरीकडं ठेवायचे. सुकन्याला वाईट वाटत होतं, पण माफी मागावी असंही वाटत नव्हतं. ती उरलेल्या सतरांमागं लागली. उकडलेल्या अंड्याचं पिवळं फडक्यातून पिळायचं आणि ते पाणी टबात सोडायचं, दिवसातून सहा-सहा वेळा. आता एकही जाऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तरी रोज सकाळी दोन-तीन पिल्लं पांढरी पडून मेलेली सापडायची. सतराची चौदा झाली, चौदाची अकरा.

अकरा उरली त्या सकाळी ती मेलेली पिल्लं चमच्यानं काढत होती. बिरदेव उंबऱ्याच्या अलीकडं येऊन उभे राहिले.

"एक बोलू का?" त्यांनी विचारलं.

तिनं वर पाहिलं. "बोला ना, मामंजी."

"पान्याचा वास घेऊन बघ."

तिनं टबावर वाकून वास घेतला. नासल्यासारखा आंबट दर्प होता. रोज तिथंच बसत असल्यानं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"लई घालतीयास," ते म्हणाले. "कोकराची आई मेली की मानूस दयेपोटी त्येला दूध पाजत ऱ्हातं. मग हगवन लागती आन् कोकरू जातं. उपाशी मेलेली कमी बघितली म्या. माशाचं मला कळत न्हाय, ते तर झालंच बघून. पर अंथरून घान असलं की कुठलंच लेकरू जगत न्हाय."

सुकन्यानं तोंडावर हात ठेवला. पिल्लं दिवसभर तळालाच असायची, आणि न खाल्लेलं सगळं तळालाच कुजत होतं.

"बसा इथं," ती म्हणाली. "नळी धरा."

सलाईनची जुनी नळी होती. बिरदेवांनी ती काडीला बांधली आणि तळावरचा गाळ तेवढा ओढत राहिले. हात जराही हलत नव्हता. एखादं पिल्लू नळीजवळ आलं की ते बोटानं नळी दाबून थांबायचे. सुकन्यानं आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी उन्हात ठेवलं, टबातल्या पाण्याइतकं कोमट झाल्यावर वाटीवाटीनं घातलं. तेव्हापासून दोघांचा नेमच झाला: सकाळी आणि संध्याकाळी तळ साफ करायचा, पिवळं फक्त दोनदा, तेही नखाएवढं.

तरी आणखी दोन गेली. दुकानदाराच्या कागदावर 'जिवंत खाद्य उत्तम' असं लिहिलं होतं. सुकन्यानं कॉलेजात पाहिलेल्या पाण्यातल्या पिसवांचं वर्णन केलं: ठिपक्याएवढ्या, उड्या मारत पोहणाऱ्या.

"मेंढरं पानी प्यायला तोंड लावायची न्हाईत, तसल्या डबक्यात असत्यात," बिरदेव लगेच म्हणाले. "कालव्याच्या खालच्या अंगाला हाय एक."

त्या गुडघ्यांनी ते दीड मैल चालत गेले आणि झाकणाच्या किटलीतून पाणी घेऊन आले. सुकन्यानं ते मलमलीतून गाळलं. मोठ्या पिसवा मागं राहिल्या, बारीक खाली उतरल्या. टबात सोडल्यावर पिल्लं पहिल्यांदाच अन्नाच्या मागं पळताना दिसली. बिरदेव एकदम हसले. त्यांचं हसणं सुकन्यानं लग्नानंतर तेव्हाच ऐकलं.

त्याच दुपारी, नळी हातात असताना, ते आपण होऊन बोलायला लागले.

"दीपक झाला तवा खांड नीरानरसिंगपुराच्या अंगाला व्हती. म्या रानात मेंढरांमागं. फुलाबाई माळावर पालात. कोकरू कसं पाजायचं, कुठलं कधी गवत खानार, सगळं मला ठावं. पर माझं पोरगं काय खाऊन वाढलं, ते मला ठावं न्हाय. कधी दात आलं, कधी उभं ऱ्हायलं, काय बी न्हाय. म्हनून मला वाटायचं, आई असली की झालं. दुसऱ्या कुनी काय करायचं असतंय, ते म्या कधी केलंच न्हाय."

सुकन्यानं वाटीतलं पाणी सावकाश टबात सोडलं.

"त्या दिवशी मी जास्त बोलले," ती म्हणाली.

"बोलायचंच व्हतं की. पस्तीस जीव गेलं."

दीपक मार्चच्या शेवटी आला. तोवर नऊ पिल्लं नखाएवढी झाली होती. मिशा फुटल्या होत्या, पाठीवर ठिपके उमटले होते. त्यानं बॅग खाली ठेवली आणि टबापाशी आपल्या बापाला फडकं पिळताना पाहून तो बघतच राहिला.

"हे कधीपासून?" त्यानं सुकन्याला विचारलं.

"नऊच्या नऊ मामंजींनी जगवलीत," ती म्हणाली.

"खोटं बोलतीया," बिरदेव म्हणाले. "मारली बी म्याच. लई मारली. बस, सांगतो."

आणि त्यांनी गाळणीपासून सगळं सांगितलं, काही न लपवता. दीपक शेजारी फरशीवर बसून ऐकत होता. बाप एका दमात इतकं बोलू शकतो, हे त्याला माहीत नव्हतं. सांगून झाल्यावर बिरदेवांनी फडकं टबाच्या काठावर वाळत घातलं, जरा घुटमळले आणि पाण्याकडं बघतच म्हणाले,

"दीपक, तू लहान असताना आई तुला काय चारायची रं?"

दीपकला प्रश्न कळायला वेळ लागला. मग तो आठवू लागला. "मेंढीच्या दुधात कालवलेली बाजरीची भाकरी," तो म्हणाला. "गूळ असला तर गूळ. आणि एकदा, मी चार-पाच वर्षांचा असेन..."

बिरदेव भिंतीला टेकून नीट बसले. सुकन्या उठून चहाचं आधण ठेवायला आत गेली.