मागच्या सीटचं मत

घरात भांडण पेटलं तर माणूस उठून बाल्कनीत जातो, ऑफिसात पेटलं तर चहाला जातो. पण पहाटेच्या अंधारात अबुधाबीकडे सुसाट निघालेल्या गाडीत पेटलं तर जायचं कुठे? विद्युल्लता गेले दोन महिने हा प्रश्न स्वतःला विचारत होती आणि उत्तर न मिळाल्यामुळे खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. रस्त्याचे दिवे आणि वाळू, दुसरं काय?

गाडी सत्यजितची. दुबईतल्या इंटरनॅशनल सिटी वस्तीतून रोज निघायची. पुढे चालवायला सत्यजित, त्याच्या शेजारी नागेश, मागे विद्युल्लता आणि हैदराबादचा युसुफ. सत्यजित एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनियर, नागेश बँकेत. दोघेही चाळिशीतले, शिकलेसवरलेले, बायकामुलांचे. एकमेकांच्या घरी पुरणपोळ्या खाल्लेले. पण दिवाळीनंतर मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक जाहीर झाली आणि दोघांच्या अंगात आलं.

खरं तर या मंडळात निवडणूक कधी झालीच नव्हती. दिवाळीचा फराळ आटोपला की चार जुनी माणसं कोपऱ्यात बसायची. एक म्हणायचा, "यंदा तुम्ही व्हा." दुसरा म्हणायचा, "छे छे, तुम्हीच." असं तीनदा झालं की वालावलकर शेठ अध्यक्ष व्हायचे. यंदा मात्र बँकवाले निमकर उभे राहिले आणि म्हणाले, "मला हवंय." असं उघड कुणी मागितल्याचं मंडळाने पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची पळापळ झाली. दोन पॅनल झाली. वालावलकरांचं आपुलकी पॅनल, निमकरांचं परिवर्तन पॅनल. सत्यजित आपुलकीचा, नागेश परिवर्तनाचा, आणि आपुलकी गाडीतून कधीच उतरून गेली होती.

"नऊ वर्षं तेच ते," नागेश सुरू व्हायचा, सीटबेल्ट लागायच्या आत. "गणपतीत मोदक फ्रोजन! फ्रोजन, हो! बाप्पाला काय मायक्रोवेव्ह दाखवणार?"

"सहाशे माणसांचे मोदक तुझे निमकर वळणार का? त्यांना एक्सेल शीट वळता येते फक्त."

"निदान हिशेब ऑनलाइन येतील."

"हिशेबात काय खोट आहे? बोल ना. नाव घेऊन बोल!"

"मी कुठे म्हटलं खोट आहे? बघ, लागलं. ज्याच्या मनात..."

की गाडीचा वेग वाढायचा. युसुफ डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा. एकदा मात्र त्याच्याने राहवलं नाही. "भाई, एक बात बताओ," तो म्हणाला, "ये प्रेसिडेंट बनके मिलता क्या है?"

मग सत्यजित म्हणाला, "पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यायचा मान." नागेश म्हणाला, "आणि पहिल्या आरतीचा." त्या सकाळी तेवढ्याच एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. युसुफने "माशाल्ला" म्हणून पुन्हा डोळे मिटले.

विद्युल्लतेला हसू यायला हवं होतं, पण तिला रडू येत होतं. भांडणाचं तिला काही नव्हतं, तिला भीती होती गाडीची. अकरा वर्षं ती अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात इन्शुरन्सच्या काउंटरवर होती आणि काउंटरवरच्या बायका तिला मानत होत्या. पण नवरा भानुदास शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गॅरेजचा सुपरवायझर, मुलगी पर्णिका दुबईतल्या शाळेत, म्हणून घर मधोमध. गाडीचं लायसन्स काढायला गेली तर पाच वेळा नापास झाली. परीक्षकाने "यल्ला", म्हणजे चला, म्हटलं की तिचे पाय पेडलवर गोठायचे. राहिली बस. आधी बस, मग मेट्रो, मग अबुधाबीची बस, मग तिथली शहरातली बस. सत्यजित सुट्टीवर गेला होता तेव्हा महिनाभर तिने ते करून पाहिलं होतं. त्या महिन्यात पर्णिका जागी असताना तिला दिसलीच नव्हती. महिना संपता संपता तिने राजीनामा टाइपसुद्धा करून ठेवला होता.

म्हणजे सत्यजितची मागची सीट होती म्हणून नोकरी होती. आणि पुढच्या सीटवर हे दोन शहाणे रोज एकमेकांना "उतर माझ्या गाडीतून" आणि "उद्यापासून येतच नाही" इथवर आणत होते. नागेश गेला असता तर पेट्रोलचा भार न झेपून सत्यजित कंपनीच्या बसने गेला असता. त्याने तसं बोलूनही दाखवलं होतं. म्हणून नागेश चिडला की विद्युल्लता त्याला डब्यातला चिवडा द्यायची आणि सत्यजित चिडला की त्याच्या मुलीची चौकशी करायची. दोन घोड्यांना एका टांग्याला जुंपून ठेवायचं काम दोन महिने तिने एकटीने केलं, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मग मतं मागणं सुरू झालं. नागेशने तिला पेट्रोल पंपावर गाठलं. सत्यजित कडक चहा आणायला गेला होता.

"ताई, तुमचं मत परिवर्तनाला ना? तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला मी काय सांगणार?"

विद्युल्लतेने हसून म्हटलं, "अहो, तुम्ही काय परके आहात का?"

आपल्याकडे या वाक्याने कुठलीही वेळ मारून नेता येते. लग्नाचं आमंत्रण टाळता येतं, वर्गणी लांबवता येते, जेवायला या म्हणणाऱ्याला वाटेला लावता येतं. ते 'हो' नसतं आणि 'नाही'ही नसतं. पण ऐकणारा गरजू असला की त्याला त्यात 'हो'च ऐकू येतं, आणि विद्युल्लतेला ते पुरतं माहीत होतं. नागेशचा चेहरा फुलला. दोनच दिवसांनी, हॉस्पिटलसमोर उतरताना, सत्यजितने काच खाली केली. "ताई, शेठना मी शब्द दिलाय, आमच्या गाडीतलं एक मत तरी पक्कं आहे."

"तुम्ही काय परके आहात का?" ती म्हणाली, आणि भराभर आत निघून गेली.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा पर्णिकाने मोबाईलमधून डोकंही वर काढलं नाही. "आई, जस्ट टेल देम इट्स नन ऑफ देअर बिझनेस."

"तुला काय कळतंय? इथे लोक धरून राहावं लागतं."

"व्हॉटेव्हर," पर्णिका म्हणाली.

सभेच्या आदल्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला. मंडळाकडे मतपेटी नाही आणि ती कशी करतात हेही कुणाला ठाऊक नाही, सबब मतदान हात वर करून होईल. खाली लिहिलं होतं, पारदर्शकता जिंदाबाद. विद्युल्लतेने तो निरोप दोनदा वाचला. एका हाताने दोन परक्या नसलेल्या माणसांना कसं सांभाळायचं?

"ताप आलाय म्हणून सांग," भानुदास म्हणाला. तो मंडळाच्या भानगडीत कधी पडायचा नाही. रविवार त्याला झोपेसाठी हवा असायचा.

"सत्यजित न्यायला येणार आहे, दारात. ताप आलाय म्हटलं तर थर्मामीटर घेऊन येईल."

"मग दोघांनाही खरं सांगून टाक."

"आणि सोमवारी कशाने जाऊ, तुमच्या गॅरेजच्या क्रेनने?"

भानुदास गप्प बसला. बायकोचं बोलणं पटलं की तो गप्पच बसायचा.

सभा दुबईच्या करामा भागातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. डावीकडे आपुलकी, उजवीकडे परिवर्तन, आणि मधल्या रांगा ओस. वर्षानुवर्षं एकत्र भोंडला खेळलेल्या बायका एकमेकींच्या साड्यांकडेसुद्धा बघत नव्हत्या. विद्युल्लता मधल्या रांगेत एकटीच बसली. डावीकडून सत्यजित मान हलवत होता, उजवीकडून नागेश. ती दोघांकडे बघून सारखंच हसली.

हात वर करायची वेळ आली तोच मागून एक वयस्कर गृहस्थ उठले. म्हणाले, "कशाला फाटाफूट? आधी एक वर्ष वालावलकर अध्यक्ष, पुढचं वर्ष निमकर. तोवर निमकर कार्याध्यक्ष." मग वालावलकर शेठ उठले, निमकरही उठले, दोघांनी मंचावर मिठी मारली, कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं आणि हॉल दणाणला. मिठी इतकी झटकन बसली की आधीच ठरलेली असावी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण दोन महिने ज्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली ते टाळ्या वाजवत होते. विद्युल्लतेनेही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात. हात वर करावा लागला नव्हता. सीट वाचली होती. तिला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

जेवणाच्या पंगतीत मसालेभात वाढायला तीच पुढे झाली. समोर सत्यजित आणि नागेश शेजारी शेजारी बसलेले, जुने दिवस परत आल्यासारखे.

"खरं सांगू?" नागेश मठ्ठ्याचा घोट घेत म्हणाला. "जिंकलो आम्हीच असतो. तुझ्या गाडीतलं मतसुद्धा आमचं होतं."

"कुणाचं?"

"ताईंचं, दुसरं कुणाचं? त्यांनी शब्द दिला होता."

"शब्द तर त्यांनी मला दिला होता!"

दोघांनी एकदमच वर पाहिलं. विद्युल्लतेच्या हातातला डाव भातातच राहिला. "अहो," ती म्हणाली, "आता तर सगळं मिटलं ना?" नागेशने पानावर हात आडवा धरला, नको म्हणून.

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. दोघे आले होते, एकत्र, समाचाराला आल्यासारखे चेहरे करून. भानुदासने बसा म्हटलं, विद्युल्लतेने चहा टाकला. चहाला हात लावायच्या आधी सत्यजित म्हणाला, "ताई, तुम्ही आम्हाला फसवलंत."

"मी शब्द दिलाच नव्हता. परके आहात का म्हटलं फक्त."

"त्याचा अर्थ आम्हाला कळत नाही का?" नागेश म्हणाला. "मनातून वाईट वाटलं. उघड विरोध केला असतात तर चाललं असतं."

मग मात्र विद्युल्लतेचा तोल गेला. "चाललं असतं? तुमच्या दोघांच्यात उघड विरोध कसा चालतो ते मी दोन महिने रोज बघितलंय! तुमच्या मोदकांनी माझं डोकं उठलं. तुम्ही एकमेकांच्या बापापर्यंत गेलात ते चाललं, शेठ आणि निमकर आदल्या दिवशीच ठरवून आले तेही चाललं, आणि मी तुमची गाडी एक राहावी म्हणून दोन गोड शब्द बोलले तर मी फसवी? अरे, त्या गाडीवर माझी नोकरी आहे!"

सत्यजितने घसा खाकरला. "तेच सांगायला आलो होतो, ताई. शेठचा पुतण्या येतोय, अबुधाबीला जॉइन होतोय. निमकरांनीही शब्द टाकलाय त्याच्यासाठी. नव्या कमिटीचं पहिलंच काम आहे, तर नाही म्हणता येईना. मागे युसुफ आणि तो... तिघं बसवली की लांबचा प्रवास होत नाही."

"तुमचं काय मत आहे यावर?" तिने नागेशला विचारलं.

नागेश कपाकडे बघत म्हणाला, "आमचं दोघांचं एकमत आहे."

चहा तसाच ठेवून ते गेले. जाताना नागेशने दार हळू लावलं, ते तिला जास्त लागलं. पर्णिका खोलीच्या दारात उभी होती, पण या वेळी ती इंग्रजीत काही बोलली नाही. विद्युल्लता कप उचलायला लागली आणि मध्येच खुर्चीत बसून राहिली.

भानुदास तिच्याजवळ आला. जरा वेळाने त्याने विचारलं, "एक विचारू? खरंच हात वर करायची वेळ आली असती, तर तू कुणासाठी केला असतास गं?"

दोन महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी मत मागितलं होतं. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की वालावलकर बरे की निमकर बरे, मंडळ कसं चालावं, मोदक कसे असावेत, याचा तिने एकदाही विचार केला नव्हता. करायला फुरसतच झाली नव्हती.

"मला काय माहीत," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला. "मला फक्त कामावर जायचं होतं हो."