खाप्याचे प्रेक्षक

देवराव भोयर संशय घेत नसत, खबरदारी घेत. निदान त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं होतं. घरी दूधवाल्याच्या मापावर त्यांची खबरदारी असे, कॉलेजात शिपायाच्या चहावर, आणि मैदानावर सगळ्यांवरच. कॉलेजचे क्रीडा संचालक म्हणून त्यांच्या ताब्यात एक फुटबॉलचं मैदान, एक पायऱ्यांचं स्टँड आणि एक हरणारी टीम होती. त्यातलं चोरण्यासारखं काय होतं, हे त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, अजून उमगलं नव्हतं.

स्टँड कधीकाळी भरायचं. मोहल्ल्या-मोहल्ल्यातून लोक यायचे, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मग भिंतीपलीकडे बॉक्स क्रिकेटचं टर्फ झालं, झगझगीत दिव्यांचं. पोरं तिकडे वळली, आणि एक दिवस शेंगदाणेवाल्यानंही गाडीचं तोंड तिकडे फिरवलं. त्या दिवशी देवरावांनी ओळखलं, की आपले प्रेक्षक गेले. प्राचार्यांचा निर्णय चुकेल, शेंगदाणेवाल्याचा चुकत नाही.

प्राचार्यांनी तर स्पष्टच सांगून ठेवलं होतं. शहराच्या लीगमध्ये टीम यंदा आणखी एक गट खाली घसरली, तर टीम बंद आणि मैदान लग्नाच्या लॉनसाठी भाड्यानं.

देवरावांच्या जमेच्या बाजूला एकच माणूस उरला होता, साहिल झाडे. याच कॉलेजचा जुना खेळाडू, आता कंत्राटी कोच. त्याच्यामुळे निदान हरण्यातला फरक तरी कमी झाला होता. म्हणून एका मॅचच्या दिवशी रिकाम्या स्टँडमध्ये पांढरा सदरा घातलेला एक अनोळखी गृहस्थ येऊन बसला, आणि बॉलकडे न पाहता साहिलकडेच पाहत राहिला, तेव्हा देवराव उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"बसलो तं चालते ना साहेब?" गृहस्थानं विचारलं.

"बसा ना. जागेची काय कमी आहे इथं?"

गृहस्थानं पिशवीतून संत्रं काढलं, निगुतीनं सोललं आणि अर्धं देवरावांपुढे धरलं. देवरावांनी ते घेतलं, पण खाल्लं नाही.

"तो शिट्टीवाला पोरगा कोच आहे ना? स्वभावानं कसा आहे?"

देवरावांच्या डोक्यात घंटा वाजली. मागच्या वर्षी असाच एक गोडबोल्या येऊन गोलकीपरची चौकशी करून गेला होता. देवरावांनी भोळेपणानं पोराची तारीफ केली, आणि पुढच्या महिन्यात तो पोरगा दुसऱ्या कॉलेजच्या जर्सीत दिसला. या खेपेला मालाचा भाव आपणच पाडायचा, असं त्यांनी ठरवलं.

"रागीट," ते म्हणाले. "लय रागीट."

"हात उचलते का?"

"आता मी पाहिलं नाही बावा. पण पोट्टे घाबरतात."

"पीत-गीत असन?"

इथं देवराव क्षणभर अडखळले. पण मोठं कॉलेज असेल, पक्की चौकशी करत असतील. "आपण कोणाच्या घरात जाऊन पाहतो का?" असं म्हणून त्यांनी उगाच उसासा टाकला.

"नोकरी पक्की आहे ना पण?"

"आज आहे. उद्याचं कोणी पाहिलं?"

गृहस्थाचा चेहरा उतरला. संत्र्याची सालं पिशवीत भरून तो उठला आणि मध्यंतराच्या आधीच निघून गेला. देवरावांनी हातातलं संत्रं आता कुठं तोंडात टाकलं. गोड होतं.

घरी त्यांनी कुसुमताईंना सगळं रंगवून सांगितलं.

"पिते का म्हणून विचारलं?" कुसुमताई पोळी लाटता लाटता थांबल्या. "कॉलेजवाले असं काहून विचारतीन?"

"तुले नाही समजत त्यातलं."

"मले नाही समजत, बरं. तुम्ही तेवढं समजून राहिले न, बस झालं."

पुढच्या आठवड्यात साहिल सामानाच्या खोलीची किल्ली घेऊन देवरावांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"सर, रविवारची शेवटची मॅच झाली की मी जातो. पुण्याच्या अकॅडमीचं बोलावणं आहे."

"काहून गा? आतापर्यंत तं नाही म्हणत होता!"

साहिलनं किल्ली टेबलावर ठेवली. "इथं राहायचं एक कारण होतं, ते संपलं. खापा गावचं स्थळ आलं होतं. मुलगी इथंच नागपुरात, बेसाच्या शाळेत शिक्षिका आहे, दामिनी. आम्ही दोनदा बोललो फोनवर. तिले नागपूर सोडायचं नाही, म्हणून मी पुण्याले नाही म्हणून राहिलो होतो. तं तिचे वडील गुपचूप मैदानावर चौकशी करून गेले म्हणे. कोणीतरी सांगतलं, पोरगा रागीट, पिणारा, नोकरीचा भरवसा नाही. सर, तुम्ही तं रोज असता इथं. कोण असन?"

देवरावांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं. जगातल्या यच्चयावत माणसांवर त्यांनी आजवर संशय घेतला होता. एकच माणूस नजरेतून सुटला होता, आणि नेमका तोच निघाला.

"पाहतो मी," ते पुटपुटले. "तिचे वडील काय करतात?"

"रुपराव गावंडे. संत्र्याचे व्यापारी आहेत. सकाळी कळमन्याले भेटतात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच देवराव कळमन्याच्या फळबाजारात होते. रुपराव एका पेटीवर वाकले होते. वरची झळझळीत फळं बाजूला सारून ते तळातलं फळ काढून दाबून पाहत होते. देवरावांना पाहून त्यांनी भुवई उंचावली, पण हात थांबवला नाही.

देवरावांनी जे झालं ते सांगितलं. दुसऱ्या कॉलेजचे समजलो, पोरगा पळवाल म्हणून बोललो, त्यात काही खरं नाही, पोरगा लाखात एक आहे.

रुपरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे त्या दिवशी खोटं बोलले?"

"हो."

"का आज खोटं बोलून राहिले?"

असा प्रश्न आजवर देवरावच लोकांना विचारत आले होते.

"तुमचा कोच गेला तं तुमची टीम बुडते," रुपराव म्हणाले. "त्या दिवशी नुकसान होतं म्हणून वाईट बोलले, आज नुकसान आहे म्हणून चांगलं. मी कोणतं धरू?"

"कोणतंच नका धरू. रविवारी शेवटची मॅच आहे. या न् स्वतःच्या डोळ्यांनी पाहा."

"हरून राहिली ना तुमची टीम?"

"हो... बहुतेक."

"मंग येतो," रुपराव म्हणाले आणि तळातलं फळ त्यांनी पेटीत परत ठेवलं. "जिंकतानी तं कोणीही गोड असते. पोरगी द्यायची असन तं माणूस हरतानी पाहावं."

रविवारी चारच्या सुमारास कॉलेजच्या फाटकातून एक मेटॅडोर आत आली, तिच्यामागून दोन जीपगाड्या. त्यातून काका उतरले, मामा उतरले, आत्या उतरल्या, डबे उतरले, आणि सगळ्यात शेवटी निळ्या कुर्त्यातली दामिनी. जावई पाहायला खापा गाव निम्मं रिकामं झालं होतं. पायऱ्या भरल्या. भिंतीपलीकडून शेंगदाणेवाल्यानं मान उंचावून पाहिलं आणि गाडी ढकलत अलीकडे आणली.

प्राचार्य लगबगीनं देवरावांजवळ आले. "भोयर, खरं सांगा. भाड्यानं आणले का?"

"नाही सर. पाहुणे आहेत."

"कोणाचे?"

"ते अजून ठरलं नाही."

टीम वाचायला बरोबरी पुरेशी होती, आणि पहिल्या अर्ध्यातच एक गोल अंगावर बसला. खाप्याची मंडळी बॉलकडे पाहतच नव्हती. बॉल इकडे गेला की त्यांच्या माना तिकडे, साहिलकडे. देवरावही तिकडेच पाहत होते.

मग आपल्याच बचावपटूनं अगदी सोपा बॉल सोडला. गोल थोडक्यात वाचला, पण साहिल "अबे डोळे कुठं आहेत तुये!" म्हणून ओरडला आणि त्यानं पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटला सणसणीत लाथ घातली. बाटल्या चुन्याच्या रेषेपर्यंत घरंगळत गेल्या.

स्टँडमध्ये एक आत्या म्हणाली, "पाहिलं? बरोबरच सांगतलं होतं त्या माणसानं." देवरावांनी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा साहिल गुडघ्यावर बसून बाटल्या गोळा करत होता. राखीव खेळाडू मदतीला धावले, तर त्यानं त्यांना हातानंच मागे सारलं. सगळ्या भरून झाल्यावर त्यातली एक घेऊन तो रेषेपाशी गेला, त्याच बचावपटूला हाक मारली, त्याला पाणी दिलं आणि पाठीवर थाप मारून परत पाठवलं.

"राग तं आहे," रुपराव हळूच म्हणाले.

"मीबी वर्गात डस्टर आपटते बाबा," दामिनी म्हणाली. "अन् मी तं उचलतबी नाही. पोरांकडून उचलून घेते."

शेवटच्या मिनिटांत कॉर्नर मिळाला. झुंबडीत बॉल कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. गोल कोणी केला हे करणाऱ्यालाही कळलं नाही, पण खाप्याच्या मंडळींनी डबे वाजवले, आत्यानं तर शिट्टी मारली. बरोबरी झाली. टीम होती त्याच गटात राहिली, खालून दुसरी. साहिलनं आवाजाच्या दिशेनं वळून पाहिलं, निळा कुर्ता ओळखला, आणि पुढची दोन मिनिटं त्याला मॅच दिसलीच नाही.

"चांगलं झालं," प्राचार्य शेंगदाणे खात म्हणाले. "हे लोक पुढच्या वर्षीही येतील का?"

"पाहतो सर."

मंडळी उतरू लागली तेव्हा रुपरावांनी पिशवीतून संत्रं काढून देवरावांच्या हातात दिलं. देवरावांनी या वेळी ते लगेच सोललं.

"पोरगा पसंत आहे," रुपराव म्हणाले. "त्याच्या घरी उद्या निरोप धाडतो. पुण्याले जाऊ नको म्हणा त्याले."

देवरावांनी हळूच विचारलं, "अन् त्या दिवशी कोण बोललं होतं, ते तुम्ही त्याले..."

"मी नाही सांगणार. ते काम तुमचं. लग्नाच्या आधी सांगा." रुपराव जीपकडे वळले, मग थांबले. "अन् लग्नात आमच्या बाजूनं बसजा मास्तर."

"काहून?"

"डोळ्यांसमोर असले म्हणजे कोणाले काय सांगून राहिले, ते दिसन."

धुरळा उडवत गाड्या फाटकाबाहेर पडल्या. साहिल जाळी सोडवत होता. देवराव खिशातली किल्ली चाचपत त्याच्याकडे निघाले, आणि जाता जाता एकदा मागे वळून पाहिलं, शेंगदाणेवाला ऐकत तर नाही ना.