सीटखालची पिवळी वायर

"फ्यूज बघितला, बॅटरी बघितली. आता जे काय आहे ते सीटखालीच आहे," असं म्हणून रमाकांत मोघ्यांनी टॉर्च दातांत धरला आणि गाडीच्या डाव्या सीटखाली डोकं घातलं.

सुनंदाबाई शाल गुंडाळून बाहेर उभ्या होत्या. "अहो, पण ती फुगा फुटतो ती वस्तू आहे नं? तोंडावर फुटली म्हणजे?"

रमाकांतांनी टॉर्च हातात घेतला. "बॅटरीची काळी वायर काढून ठेवलीय मी. साठलेला करंट उतरायला वेळही दिला. आता काही फुटत नाही."

"अपूर्वनं तर हात लावू नका सांगितलं होतं."

"अपूर्वला काय कळतंय?"

अपूर्व त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. तो, सून शिखा आणि चार महिन्यांची नात पुढच्या आठवड्यात ग्वाल्हेरला यायचे होते. नात पहिल्यांदाच येणार, तेव्हा स्टेशनवर आपण आपल्या गाडीनं जायचं, हे रमाकांतांनी ती जन्मली त्या दिवशीच ठरवलं होतं. आणि नेमका संक्रांतीनंतर गाडीतला तो लाल दिवा लागला. बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात एक गोळा, असं चित्र. गाडी चालू केल्यावर क्षणभर लागून विझायला हवा, तो विझेचना. फोनवर अपूर्व म्हणाला होता, "बाबा, सीरियसली, एअरबॅगची लाईट जळते आहे तोपर्यंत मी बाळाला त्या गाडीत नाही बसवणार. आणि प्लीज, आप ख़ुद मत खोलना. सर्व्हिस सेंटरला दाखवा."

सर्व्हिस सेंटरला दाखवायची कल्पनाच रमाकांतांना अपमानाची वाटली. सबंध नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात काढली होती, तीही फॉल्ट शोधण्यात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्लीबोळांतून सायकलवर फिरून, खांबावर चढून, कुठल्या घराच्या वायरला कुठे पाणी लागलंय ते त्यांनी हुडकलं होतं. त्यांनी एक छोटं यंत्र मागवलं. ते स्टिअरिंगखाली खोचलं की गाडीला काय झालंय ते मोबाईलवर दिसायचं. मोबाईलनं सांगितलं, डाव्या सीटच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स जास्त आहे. रेझिस्टन्स! तो शब्द वाचून त्यांना जुना दोस्त भेटल्यासारखं झालं. म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे.

सापडला. सीटखाली पिवळ्या रंगाचा एक जोड अर्धवट निघून लोंबत होता. त्याच्या आजूबाजूला धूळ होती, तिळाचे दाणे होते. त्यांनी जोड पुसला, फुंकला आणि 'टक्' वाजेपर्यंत दाबून बसवला. बॅटरीची वायर लावली, चावी फिरवली. लाल दिवा लागला, आणि विझला.

"बघ!" ते म्हणाले.

"झालं बाई एकदाचं," सुनंदाबाई म्हणाल्या. त्या हसल्या खऱ्या, पण लगेच घराकडे वळल्यासुद्धा.

घर जयेंद्रगंजमधल्या अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून ती कोपऱ्यावर अंबरीश फाळक्यांच्या आवारात लिंबाखाली उभी असायची. घरी जाईपर्यंत रमाकांतांनी अपूर्वला फोन लावून सगळी हकिकत सांगितली होती. जिन्यात भेटलेल्या बिऱ्हाडकरूलाही सांगितली.

तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गाडी काढली, तर लाल दिवा पुन्हा लागलेला.

रमाकांतांना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी चहा थंड झाला. "मी लावलेला जोड सुटतो कसा?" ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले. "टक् वाजला होता. तू ऐकलास."

"ऐकला."

"सीट मागं ओढली तरच ती वायर ताणली जाईल. एकदम मागं. आपण तर ती सीट कधी हलवत नाही."

सुनंदाबाई कणीक मळत होत्या. "तुम्हीच हलवली असेल साफ करताना."

"मी? मी पुन्हा जागेवर आणली होती." ते आत आले, त्यांनी कुकरकडे पाहिलं. "किती शिट्ट्या झाल्या?"

"झाल्या तेवढ्या झाल्या."

"गॅस बारीक कर आता. आणि हा डबा इकडे का ठेवलास? मी उंचीप्रमाणे लावले होते नं सगळे?"

सुनंदाबाईंनी हात न थांबवता डबा जागेवर सरकवला.

रिटायर झाल्यापासून रमाकांतांनी घरातलं काही सोडलं नव्हतं. गिझर उघडून झाला, मिक्सर उघडून झाला, देवघरातल्या माळेचे दिवे बदलून झाले. फडताळातले डबे त्यांनी असे लावले की सुनंदाबाईंना हिंग सापडायला दोन दिवस लागले. हातात काम नसलं की ते या खोलीतून त्या खोलीत जात. दुपारी पडले तरी दहा मिनिटांत उठत आणि म्हणत, "काय करतेस?"

त्यांनी जोड पुन्हा बसवला. या वेळी सीटच्या रुळावर खडूनं एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन बघतात, तर सीट रेघेच्या चांगली वीतभर मागे. लाल दिवा लागलेला.

कुणीतरी आपल्या गाडीत बसतं! त्यांचं डोकं गरम झालं. ते तसेच अंबरीशच्या ओसरीवर गेले. अंबरीश त्यांचा शाळेपासूनचा मित्र. तो उन्हात बसून वर्तमानपत्र वाचत होता.

"अंबरीश, तुझ्या आवारात कोण येतं दुपारचं?"

"कोण येणार? का रे?"

"माझी गाडी उघडून आत कोणीतरी बसतं. सीट सरकवतं. तिळाचा गजक खातं वर. तीळ सांडलेत. तुझा तो माळी असेल, नाही तर भाडेकरूंची पोरं. विचार त्यांना."

अंबरीशनं वर्तमानपत्राची घडी केली. ती पुन्हा उलगडली. "काच फोडली का कुणी?"

"नाही."

"कुलूप?"

"कुलूप ठीक आहे."

"मग रमाकांत, कुणाच्या पोरांवर आळ कशाला घेतोस?" अंबरीश त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "गाडी तुझी, चाव्या तुझ्या घरी."

रमाकांत चिडून घरी आले. त्यांना वाटलं, अंबरीश आपल्या माणसांना पाठीशी घालतोय. पण जिना चढताना चाव्यांची गोष्ट डोक्यात राहिली. एक चावी त्यांच्या खिशात असे. दुसरी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला. त्यांनी बघितलं. चावी खिळ्यालाच होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. सुनंदाबाईंनी ओटा पुसला, साडी बदलली आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "दत्ताच्या देवळात जाऊन येते." रमाकांत आडवे झाले होते. दार लागल्यावर थोड्या वेळानं ते पाणी प्यायला उठले, आणि सहज दारामागे हात गेला. खिळा रिकामा होता.

ते चप्पल घालून निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत जाईतो त्यांच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. ती कुठे जाते गाडी घेऊन? तिला तर चालवता येत नाही. कुणाला देते? कुणी पैसे मागतंय का? तब्येतीचं काही लपवतेय का?

फाळक्यांच्या आवारात उन्हात गाडी उभी होती. काचा वर, एक फट उघडी. सुनंदाबाई डाव्या सीटवर होत्या. सीट मागे रेललेली. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला, शेजारी गजकचा कागद. चपला खाली सोडून त्यांनी दोन्ही पाय वर, समोरच्या डॅशबोर्डवर टाकले होते. डोळे मिटलेले. झोपल्या नव्हत्या, कारण मधूनच एक गजकचा तुकडा तोंडात जात होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रमाकांतांनी आपल्या बायकोला असं पाय वर टाकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. लिंबाच्या बुंध्याशी ते बराच वेळ उभे राहिले. जावं, की परत फिरावं?

मग त्यांनी जाऊन उजवीकडचं दार उघडलं. बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून निघालं ते असं, "पाय खाली घे. तिथे आत एअरबॅग आहे."

सुनंदाबाई दचकून सरळ झाल्या. पाय खाली घेतले, पदर सारखा केला. मग चष्मा घातला आणि नवऱ्याकडे बघितलं. "गाडी बंद आहे."

"तरी."

ते स्टिअरिंगमागे बसले. दार ओढून घेतलं. आत उबदार होतं. बाहेर माघाचं वारं सुटलं होतं.

"देवळात जाते म्हणून सांगतेस," रमाकांत म्हणाले.

"जाते. पाया पडते, मग इथे येते."

"रोज?"

"जमेल तसं."

"इथे करतेस काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. तेच तर करायला येते."

"मग घरी का नाही करत?"

सुनंदाबाईंनी समोरच्या काचेतून बाहेर बघितलं. "घरी तुम्ही विचारता, काय करतेस."

रमाकांतांनी स्टिअरिंगवर हात ठेवला, पुन्हा काढला.

"रागानं नाही सांगत आहे," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही ऑफिसला जायचात नं, तेव्हा मला दुपार असायची. सासूबाई होत्या, अपूर्व लहान होता, कामं होती, सगळं होतं. पण ती दोघं झोपायची आणि मला तास-दीड तास मिळायचा. कुणी हाक मारायचं नाही. तुम्ही रिटायर झालात, मला वाटलं, बरं झालं, आता दगदग संपली तुमची. आणि मग..." त्या थांबल्या. "तुम्ही वाईट नाही करत काही. नळ गळत होता, तुम्हीच दुरुस्त केलात. पण दिवसभर आवाज येतो हो तुमचा."

"सांगायचंस मग."

"कसं सांगणार? घर तुमचंही आहे. तुम्ही कुठे जाणार?"

रमाकांतांना अंबरीशनं घडी करून पुन्हा उलगडलेलं वर्तमानपत्र आठवलं. म्हणजे त्याला माहीत होतं. भाडेकरूंनाही असेल. मोघ्यांची बायको दुपारी गाडीत येऊन बसते. त्यांचे कान तापले.

"तुला कळत होतं दिवा कशानं लागतो ते?"

"दुसऱ्यांदा लागला तेव्हा कळलं. तुम्ही म्हणालात नं, सीट मागं ओढली की." त्यांचा आवाज बारीक झाला. "मग ठरवलं, सीट नाही हलवायची. काल विसरले. पाठ दुखत होती."

रमाकांत दार उघडून उतरले. बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर सोडवली आणि येरझारा घालू लागले. लिंबापासून फाटकापर्यंत, फाटकापासून लिंबापर्यंत. सुनंदाबाई चपला शोधून बाहेर आल्या आणि शाल सावरून उभ्या राहिल्या. रागावलेत की काय, हे त्यांना कळेना.

"टॉर्च धर," काही वेळानं रमाकांत म्हणाले.

सुनंदाबाईंनी मोबाईलचा टॉर्च लावून धरला. रमाकांत वाकले. जोड लावणं सोपं होतं, ते दोनदा झालं होतं. पण वायर सीटच्या सांगाड्याला एका पट्टीनं आखडून बांधलेली होती, आणि सीट मागे गेली की सगळा ताण जोडावर यायचा. ही गोष्ट आधीही दिसली असती, पण सीट मागे जाऊच नये असं धरून ते चालले होते. त्यांनी ती पट्टी कापली. आत गुंडाळलेली वायर मोकळी केली, ढील देऊन नवी पट्टी अलीकडे बांधली. मग सीट पार शेवटपर्यंत मागे ढकलली, पुढे आणली, पुन्हा मागे.

"कितीही घे आता मागं," ते सीटखालूनच म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी बॅटरीची वायर लावली, चावी फिरवली. दिवा लागला, विझला. घरी जाताना सुनंदाबाईंनी उरलेला गजक त्यांच्यापुढे धरला आणि त्यांनी घेतला.

अपूर्व आला. स्टेशनवर गाडीत बसण्याआधी त्यानं चावी फिरवून स्वतः डॅशबोर्ड बघितला आणि म्हणाला, "वाह बाबा, कर दिया आपने!" नात शिखाच्या कुशीत झोपून घरी आली. ते दिवस गर्दीत गेले. सुनंदाबाई पहाटेपासून उभ्या असायच्या. डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊमाखू, येणारेजाणारे. दुपार अशी नव्हतीच. सगळे परत गेले त्या दिवशी घर एकदम मोठं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सुनंदाबाईंनी ओटा पुसला आणि शाल घ्यायला आत आल्या. बघतात तर रमाकांत मफलर गुंडाळून, बूट घालून तयार.

"कुठे निघालात?"

"जरा फिरून येतो. तू पड घरी."

"या उन्हाचे?"

"ऊनच पाहिजे आता. पाचला येतो. सहाला येतो म्हण." दार ओढताना त्यांना विचारायचं होतं की गॅस बंद केलास का. ते त्यांनी गिळलं.

आधी ते पाटणकर बाजारात गेले. तिथे घेण्यासारखं काही नव्हतं. एका दुकानात त्यांनी टॉर्चचे सेल पाहिले आणि परत ठेवले. मग चालत चालत बैजाताल गाठलं. तळ्याकाठच्या बाकावर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ थर्मास घेऊन बसले होते. रमाकांत दुसऱ्या टोकाला टेकले. उठून पाण्यापर्यंत गेले. परत येऊन बसले. घड्याळ बघितलं. जेमतेम अर्धा तास झाला होता.

"किसी की राह देख रहे हैं, भाईसाहब?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"नहीं, नहीं. ऐसे ही."

"घर पर सब ठीक?"

"सब ठीक." रमाकांतांना वाटलं, एवढ्यानं भागणार नाही. "वो सो रही हैं अभी."

गृहस्थांनी मान हलवली, जणू त्यांना सगळं कळलं. थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी तो मधे बाकावर ठेवला. रमाकांतांनी तो लगेच उचलला नाही. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. आधी खिशात होते, मग मांडीवर, मग बाकाच्या काठावर. ऊन सरकत बाकाच्या मध्यापर्यंत आलं होतं. थोड्या वेळानं रमाकांतही उन्हाबरोबर तिकडे सरकले.